सात नंबरची टाकी

१

काल संध्याकाळपर्यंत सात नंबरच्या टाकीत दोन हजार लिटर लाल वाइन होती. आज सकाळी आठ वाजता मालकांची लेक तळघरात उतरली, तेव्हा टाकीत थेंबही नव्हता. तोटी सताड उघडी होती आणि तोटीशेजारच्या कट्ट्यावर एक चष्मा ठेवलेला होता.

चष्मा भिंगरीचा होता. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्क्रू पडल्यापासून त्याच्या एका काडीला तिने निळा दोरा गुंडाळलेला होता.

नाश्त्याच्या टेबलावर लेकीने तो तिच्या बशीशेजारी ठेवला. "मावशी, हा तुमचा ना?"

"अगंबाई, सापडला का?" भिंगरी खूश होऊन म्हणाली. "कालपासून शोधतेय. कुठे होता?"

"सात नंबरच्या टाकीपाशी. काल तुम्ही तोटी उघडी टाकून आलात. वर्षभराची वाइन गटारात गेली."

भिंगरीच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. समोर बसलेल्या तुरटीने रुमालात नाक शिंकरलं आणि तिला वाटलं, आता हेच तेवढं राहिलं होतं.

भिंगरी आणि तुरटी ही दोघींची शाळेतली नावं. भिंगरी एका जागी बसायची नाही म्हणून ती भिंगरी. दुसरीचं तोंड सदा आवळलेलं, म्हणून ती तुरटी. पुढे ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि बत्तीस वर्षं गावाचं पाणी तपासून निवृत्त झाली. नाव आधी पडलं, नोकरी मागून आली. खात्यात तिच्या नाकाला मान होता. बाटलीचं बूच काढलं की पाणी कुठल्या विहिरीचं आहे ते ती सांगायची.

आणि द्राक्षमळ्यांच्या मुलखात मैत्रिणीबरोबर सहलीला निघाल्याच्या पहिल्याच दिवशी तिला सर्दी झाली. चार दिवसांत सहा मळे झाले, पण तिला एकही वास आला नाही. दुसऱ्या दिवशी टायर बसलं. तिसऱ्या दिवशी भिंगरीने वाटेत भेटलेल्या माणसाशी गप्पा मारत चुकीचं वळण घेतलं आणि पाऊण दिवस खडीच्या रस्त्यावर गेला. काल संध्याकाळी हा छोटा, घरगुती मळा सापडला, वरच्या मजल्यावर खोली मिळाली, तेव्हा कुठे तुरटीला हायसं वाटलं होतं.

"नुकसान तुमच्यामुळे झालं, एवढं लिहून द्या," लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तोवर गाडी निघणार नाही." खिडकीतून दिसत होतं, जावयाने ट्रॅक्टर आणून फाटकात आडवा लावला होता.

टेबलाच्या टोकाला म्हातारे मालक मान खाली घालून कॉफी ढवळत होते.

भिंगरीचा चेहरा उतरला. सहा महिन्यांपूर्वी ती गॅस चालू ठेवून बाजारात गेली होती. मग एकदा गाडी कुठे लावली तेच विसरली. तेव्हा तिच्या मुलाने बजावलं होतं, "आई, आता पुन्हा एकदा जरी असं झालं, तर गाडीची किल्ली माझ्याकडे आणि तू आमच्याकडे." या सहलीला त्याने परवानगी दिली ती तुरटीच्या भरवशावर.

"माझ्याकडूनच झालं असेल गं," भिंगरी हळूच म्हणाली. "माझ्या आठवणीचा आता काही भरवसा नाही."

आणि खरं सांगायचं तर तुरटीलाही तेच वाटलं होतं.

२

तरी ती तळघरात गेली. बत्तीस वर्षांची सवय होती. नमुना बघितल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही.

जिना उतरताना तिने कालची संध्याकाळ आठवून पाहिली. मालकांनी दोघींना खाली आणलं होतं. लेक वर दुकानात होती, जावई मागच्या शेडमध्ये बाटल्या भरत होता. सात नंबर ही मालकांची खास टाकी. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, चवही घ्यायची नाही, अशी घरात शिस्त होती. "सातवर फक्त माझं नाक," असं म्हणून ते हसले होते. भिंगरीला तोटी फिरवून बघायची हौस होती, तीही त्यांनी पुरवली. मग ग्लास उजेडात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पिकलेल्या जांभळाचा वास. मागून थोडी मातीची ओल."

तुरटीने सर्दी म्हणून ग्लास घेतलाच नाही. भिंगरीने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "काका, राग मानू नका, पण ही आंबलीय. बाटलीतलं व्हिनेगर लागतंय."

तुरटी ओशाळली होती. चार दिवसांत भिंगरीने सहाही मळ्यांवर वाइनला काही ना काही नावं ठेवली होती. एकीला औषधाचा वास, एकीला चामड्याचा. मालक हसले, पण लगेच म्हणाले की आज उशीर झालाय, आणि दोघींना वर घेऊन आले. दिवेलागणीला भिंगरी चष्मा शोधायला एकटीच खाली जाऊन आली. तिला तो मिळाला नाही. वर येताना लेकीने तिला पाहिलं होतं.

आता तळघरात दिवा लावून तुरटी सात नंबरसमोर उभी राहिली. स्टीलची, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच टाकी. खालून तोटी, तोटीखाली फरशीत कोरलेली नाली आणि नालीच्या टोकाला जाळी. फरशी ओलसर होती. वास घ्यायचा म्हणून तिने जोरात श्वास ओढला आणि नाकात नुसतं दुखलं. इतकी वर्षं ज्या नाकाच्या जिवावर काढली, ते ऐनवेळी बोळा कोंबल्यासारखं गच्च बसलं होतं. तिने चरफडत रुमाल काढला.

रुमाल हातात आला म्हणून पुढचं सुचलं. टाकीच्या पोटाला, तोटीच्या जरा वर, माणसाचे खांदे आत जातील एवढं झाकण होतं. तिने त्याची कडी सोडली, हात आत घालून तळ पुसला आणि रुमाल दिव्याखाली धरला.

रुमाल पांढराच होता.

लाल वाइन महिनोन्‌महिने जिथे उभी असते, तिथे तळाला जांभळा गाळ बसतो. तोटी उघडली की वाइन जाते, गाळ तसाच राहतो. पण या टाकीत बोटाला लागेल एवढाही डाग नव्हता. कुणीतरी ती आतून घासून धुतली होती.

तोटी विसरून गेलेली बाई परत येऊन टाकी धूत बसत नाही. मग धुतली कोणी, आणि कशासाठी?

३

ही बातमी लेकीला सांगावी म्हणून ती स्वयंपाकघरात आली, तर तिथे मालक एकटेच बसले होते. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं, शेगडीकडे पाठ करून ते जुना पेपर वाचत होते. तुरटी त्यांच्यासमोरची खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी बसली, म्हणजे त्यांच्या तोंडावर तिच्या शिंका नकोत.

"काका, सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?"

"मीच. पाचला." पेपरातून मान वर न करता ते म्हणाले. "मळ्यातून एक फेरी मारतो."

"तळघरात गेला होतात?"

"नाही."

"तळघराची किल्ली?"

"खुंटीला. इथे चोरीमारी नाही."

"ही टाकी कुणासाठी राखून ठेवली होती?"

आता त्यांनी पेपर खाली ठेवला. "हॉटेलांचा एक खरेदीदार आहे. दर वर्षी सगळी सात नंबर तोच नेतो. बाटली न उघडता, माझ्या शब्दावर. आज तीन वाजता येणार होता, या वर्षी पहिल्यांदाच चव बघून घ्यायला." जरा थांबून ते म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीला फार बोलू नका. वय झालं की होतं असं."

तुरटीला तो कळवळा खरा वाटला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि पदर नाकाला लावून लेक आत आली.

"बाबा, दूध करपून कोळसा झालंय. बाहेर अंगणापर्यंत वास येतोय. तुम्ही दोघं इथेच बसलाय ना?"

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. पातेल्यातून काळपट धूर निघत होता. तुरटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला सर्दी झालीय गं," ती म्हणाली.

"बोलण्याच्या नादात राहून गेलं," मालक म्हणाले.

लेकीने गॅस बंद करून पातेलं मोरीत आपटलं. तुरटीने तिला टाकीचं सांगितलं. लेकीने ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नाही. "खाली धुण्याच्या सोड्याचा वास होता, पण ह्यांनी काल बाटल्या भरायचं यंत्र धुतलं होतं. मावशी, मैत्रिणीला वाचवायचंय हे मला समजतं. पण तोटी त्यांनी काल हाताळली. मग एकट्याच खाली गेल्या. चष्माही तिथेच. अजून काय हवं?"

"टाकी धुतलेली आहे. स्वतः हात घालून बघ."

"बघेन. त्याआधी एक सांगते." लेकीने ओले हात पुसले. "तुमच्या मैत्रिणीच्या मुलाला मी फोन केला होता. खोली घेताना त्यांनी त्याचाच नंबर दिलाय. तो निघालाय. दोन वाजेपर्यंत पोचेल. आईला घरी न्यायला."

४

घड्याळात साडेदहा झाले होते. तुरटी तावातावाने शेडकडे निघाली. तिला सगळ्यांचाच राग आला होता: लेकीचा, त्या मुलाचा, स्वतःच्या नाकाचा, आणि सगळ्यात जास्त भिंगरीचा. वर खोलीत ती गपचूप बॅग भरत बसली होती, जणू निकाल लागलाच.

जावई रिकाम्या खोक्यांवर बसून सफरचंद खात होता. या घरात वाइनशी सगळ्यात कमी लागेबांधे त्याचेच. तो वेली सांभाळायचा, बाटल्या भरायचा. पित्ताच्या त्रासाने त्याने दारू सोडून तीन वर्षं झाली होती.

"मी केलं असं वाटतंय ना तुम्हाला?" त्यानेच विषय काढला. "वाटणारच. मळा मोठ्या कंपनीला विकावा, असं मी दहा वेळा म्हटलंय. पण टाकी रिकामी करून माझं काय भलं होणार? भरलेल्या टाकीला जास्त भाव येतो."

हे तुरटीला पटलं. "पहाटे काही ऐकलंत?"

"पंप चालू होता. सहाच्या आधी, बराच वेळ. मला वाटलं, ही वेलींना पाणी सोडतेय. तिला विचारा."

ती पुन्हा घरात गेली. लेक मोरीत पातेलं घासत होती.

"पहाटे पंप तू लावला होतास?"

"मी कशाला? पाण्याची पाळी उद्याची आहे. मला वाटलं, हे बाटल्या धुतायत."

नवऱ्याला वाटलं बायको, बायकोला वाटलं नवरा. दोघांनीही पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पंप मात्र कुणीतरी चालवला होता, आणि दोन हजार लिटरची टाकी धुवायला पाणी भरपूर लागतं.

"अजून एक. तू सात नंबरची चव शेवटची कधी घेतलीस?"

लेकीचा हात थांबला. "दोन वर्षं झाली. मी म्हटलं होतं, एक तपासणीचं यंत्र घेऊ या, महिन्याला नमुना लावू या. बाबांना ते लागलं. माझ्या नाकावर भरवसा नाही तर माझ्या टाकीला हात लावू नकोस, म्हणाले. मीही लावला नाही."

म्हणजे त्या टाकीत काय होतं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक मालक. आणि दुसरी जिचं म्हणणं काल कुणी मनावर घेतलं नव्हतं.

तुरटी अंगणातून चक्कर मारून घराच्या मागच्या बाजूला आली. तिथे मालकांच्या खोलीची खिडकी होती. खिडकीच्या बाहेरच्या ओट्यावर, कुंड्यांच्या आड, दोन ग्लास ठेवलेले होते. दोन्हीत तळाला बोटभर लाल वाइन होती. एकाच्या बुडाला खडूने ६ लिहिलं होतं, दुसऱ्याच्या ७.

सहाच्या ग्लासात तीन-चार चिलटं पडली होती. साताच्या ग्लासात वाइन दिसेनाशी झाली होती, इतकी चिलटं तिथे बुडून मेली होती, आणि वर अजून घोंघावत होती.

५

"लिहून झालंय," भिंगरी म्हणाली. खोलीत पलंगावर बसून तिने मांडीवरच्या कागदावर सही केली होती. "वाचून बघ. शुद्धलेखन तुझ्याकडे."

तुरटीने कागद घेतला, दोन तुकडे केले आणि टेबलावर ठेवले.

"अगं, हे काय केलंस?"

"न केलेल्या गोष्टीचा कबुलीजबाब लिहितेस आणि वर मला शुद्धलेखन विचारतेस. गप्प बस आणि मी विचारते तेवढं सांग. जास्त एक शब्द नको."

भिंगरी गप्प बसली. गेल्या पन्नास वर्षांत असं क्वचितच घडलं होतं.

"काल तू म्हणालीस, वाइन आंबलीय. ते गमतीने की खरंच?"

"खरंच गं. कालच्या बाकीच्या सगळ्या वाइन आंबट होत्या, तशी ही नव्हती. घशात झणका गेला. नाकालाच झोंबली आधी."

"मालकांनी पुढे काही विचारलं?"

"जिन्यात विचारलं. तू पुढे होतीस. म्हणाले, बाई, नक्की का? मी म्हटलं, नक्की. मग म्हणाले, कुणाला बोलू नका." भिंगरी जरा थांबली. "मला वाटलं, अपमान झाला म्हणून."

"आणि हा चष्मा." तुरटीने तो टेबलावरून उचलला आणि खिडकीशी धरला. दोन्ही काचा लख्ख होत्या. "तू पुसलास?"

"मी चष्मा कधी पुसते?"

ते खरंच होतं. भिंगरीच्या चष्म्यावर बारा महिने तेरा काळ बोटांचे ठसे असायचे. कुणीतरी तो फरशीवरून उचलला, पाण्याचे थेंब पुसले, काड्या मिटल्या आणि कोरड्या जागी नीट ठेवला. फसवायला ठेवलेला चष्मा कुणी पुसून ठेवत नाही. ज्याला पाहुण्याची वस्तू जपायची सवय आहे, त्याचं हे काम. आळ मागाहून आला, आणि तो आयता आला.

तुरटी पलंगाच्या काठावर बसली. आपण चार दिवस कसे काढले ते तिला आठवलं. काल सकाळी ती नासलेलं दूध कॉफीत ओतत होती, भिंगरीने हात धरला म्हणून वाचली. बिस्किटं मऊ पडलीत की नाही हे ती बोटाने दाबून बघत होती. नाक नसलं की माणूस डोळ्यांनी आणि बोटांनी जगतो, आणि मध्येच चुकतो. आज सकाळी दूध करपत होतं, तेव्हा एका खोलीत दोन माणसं शेजारी शेजारी बसली होती.

"चल खाली," ती भिंगरीला म्हणाली. "आणि बॅग इथेच राहू दे."

६

स्वयंपाकघरात सगळे जमले तेव्हा साडेबारा झाले होते. तुरटीने खिडकीवरचे दोन्ही ग्लास आणून टेबलावर ठेवले. मालकांनी ते पाहिले आणि नजर वळवली.

"मी थोडक्यात सांगते," ती म्हणाली. "टाकी नुसती रिकामी झाली नाही, धुतली गेली. आज पहाटे पंप लावून, सोडा टाकून. अशी टाकी कुणी कशाला धुतं? आत काय होतं ते कळू नये म्हणून. नुसतं नुकसान करायचं असतं, तर तोटी उघडून माणूस निघून गेला असता. म्हणजे ती वाइन कुणाच्या नाकाला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं."

"पण आत वाइनच होती," लेक म्हणाली.

"होती. आंबलेली. माझी मैत्रीण काल ते बोलली आणि आम्ही सगळ्यांनी कानामागे टाकलं, मीसुद्धा. ती वाइन चाखणारी ती एकटीच होती, काका सोडले तर. जावईबापू पीत नाहीत. तू दोन वर्षं हात लावला नाहीस." तिने साताचा ग्लास लेकीकडे सरकवला. "चिलटं बाजूला करून वास घे."

लेकीने ग्लास नाकाजवळ नेला आणि झटकन मान मागे घेतली. "व्हिनेगर आहे हे. हे एका रात्रीत होत नाही. दोन-तीन महिने तरी..." तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, दर आठवड्याला तुम्ही म्हणत होतात, उत्तम चाललीय."

"म्हणत होते," तुरटी म्हणाली. "आणि खोटं बोलत नव्हते. त्यांना कळतच नव्हतं. जिभेला आंबट लागतं, पण वाइन आंबटच असते. फरक नाकाला कळतो. काल एका परक्या बाईने तोंड वाकडं केलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांना शंका आली. घरात विचारायची सोय नव्हती. आंबलेल्यावर चिलटं तुटून पडतात, म्हणून त्यांनी दोन ग्लास भरून खिडकीत ठेवले आणि चिलटांना विचारलं. पाचला उठून उत्तर बघितलं."

जावयाने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हा सगळा तर्क झाला," मालक शेवटी म्हणाले. आवाज कोरडा होता. "कुणीही ग्लास ठेवू शकतं."

"हो," तुरटी म्हणाली. "पण आज सकाळी या खोलीत दूध जळून कोळसा झालं. वास अंगणापर्यंत गेला. आपण दोघं शेगडीपासून चार हातांवर बसलो होतो. मला सर्दी होती, काका. तुम्हाला काय झालं होतं?"

मालकांचे हात टेबलावर होते, मोठे, नखांत जांभळा रंग मुरलेले. ते त्यांनी मांडीवर घेतले.

"दोन वर्षांपूर्वी ताप आला होता," ते म्हणाले. "तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वाटलं, येईल परत. मग रंगावरून ओळखायला लागलो. जुनं आठवून बोलायला लागलो. लोक माना डोलवायचे. खरेदीदारही डोलवायचा."

"यंत्राचं मी तेव्हाच म्हटलं होतं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग येत होता. "का नाही सांगितलंत? मी हसले असते का तुम्हाला?"

"नाही. तू सांभाळून घेतलं असतंस." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "बाई, चष्मा मी जपून ठेवला होता. तुमच्यावर येईल हे डोक्यातही नव्हतं. पण सकाळी तुम्ही स्वतःच म्हणालात, माझ्याकडूनच झालं असेल. मला पळवाट दिसली आणि मी ती धरली."

तुरटीला वाटलं, आता भिंगरी म्हणेल, जाऊ द्या हो काका. ती सगळ्यांना तेच म्हणते. पण भिंगरी उभी राहिली होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"सकाळपासून मी स्वतःला वेडी समजतेय," ती म्हणाली. "तोटी बंद केल्याचं मला आठवत होतं. स्पष्ट आठवत होतं. आणि मी स्वतःलाच सांगत होते की नाही, तुझ्या आठवणीवर जाऊ नकोस. तुम्ही समोर बसून कॉफी ढवळत होतात. तुम्हाला ठाऊक होतं, काका. काही गमावलेल्या माणसाला काय वाटतं, हे या घरात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?"

मालकांची मान खाली गेली.

"माझा मुलगा वाटेत आहे," भिंगरी म्हणाली. "त्याला फोन करून हे सगळं तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. आत्ता."

त्यांनी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून, एकेक वाक्य थांबून, काहीही न लपवता सांगितलं. भिंगरी शेजारी उभी राहून ऐकत होती, एखादा शब्द सुटतोय का ते बघत. मग लेकीने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि खरेदीदाराचा नंबर फिरवला. ते नको म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही बसा बाबा. सहा नंबर चांगली आहे. त्याला ती दाखवू, आणि खरं काय ते सांगून दाखवू. नाही घेतली तर नाही."

मालक बसले. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "सहा नंबरला कसला वास येतो?"

लेकीने दुसरा ग्लास उचलला, चिलटं काढून टाकली आणि बराच वेळ वास घेत राहिली. "सांगते," ती म्हणाली. "थांबा जरा. मला तुमच्यासारखं सांगता येत नाही."

७

जावयाने ट्रॅक्टर हलवला तेव्हा पावणेदोन झाले होते. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली होती, त्यामुळे तो ढकलावा लागला, आणि ढकलायला तुरटीलाही हात लावावा लागला. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा तिचे दंड भरून आले होते, नाक वाहत होतं आणि सहलीचा एक दिवस पुरता वाया गेला होता.

भिंगरी गाडी चालवत होती. रस्ता उताराचा होता आणि दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा मागे पडत होत्या.

"मुलगा काय म्हणाला?" तुरटीने विचारलं.

"सॉरी म्हणाला. निम्म्या वाटेतून परत फिरला. मग म्हणाला, तरी जपून चालव." भिंगरीने गिअर बदलला. "तो सुधारणार नाही."

अहवाल लिहिताना तुरटी नेहमी एक गोष्ट पाळायची. चूक आपली असेल तर तीही त्यात लिहायची.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "सकाळी चष्मा बघितला तेव्हा मलाही वाटलं, तूच. टाकीत हात घालेपर्यंत वाटत होतं. तासभर तरी."

एक वळण गेलं, मग दुसरं. समोरून द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो आला, त्याला भिंगरीने नीट बाजू दिली.

"तासभरच ना?" ती म्हणाली. "मला तर साडेबारापर्यंत वाटत होतं."